वर्णन जुळत नाही

धाकटीला पुढे काय व्हायचंय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एक तिला सोडून. बाबांच्या मते ती औषधनिर्माण शिकणार होती. ताईच्या मते ती काहीतरी कलाबिला करून पस्तावणार होती. आईनं मत राखून ठेवलं होतं, कारण पुरेसा पुरावा नव्हता. धाकटी स्वतः सोमवारी भूगोलाकडे झुकायची, बुधवारपर्यंत प्राणिशास्त्राकडे सरकायची आणि शुक्रवारी तिला वाटायचं, आपण सरळ सुतारकाम शिकावं. शनिवार-रविवार ती काहीच ठरवायची नाही. सुट्टी असायची.

शाळेचं शेवटचं वर्ष होतं आणि वर्गातली बाकीची मंडळी कधीच मार्गाला लागली होती. धाकटीच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं तर हृदयाचा डॉक्टर व्हायचं पाचवीत ठरवलं होतं आणि सध्या ती उजवी बाजू की डावी बाजू एवढाच विचार करत होती.

अशा दिवसांत धाकटीच्या हाती एका कॉलेजचं माहितीपत्रक पडलं. कॉलेज लांबचं, बसनं आठ तास. बाराव्या पानावर खाली बारीक अक्षरांत छापलं होतं की पहिल्या वर्षी विषय निवडण्याची सक्ती नाही; वर्षभर सगळ्या वर्गांत बसून पाहावं, मग ठरवावं. धाकटीनं ते वाक्य तीनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एक गोष्ट ठामपणे हवीशी वाटली, आणि ती म्हणजे इतक्यात ठरवायला लागू नये.

बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होते. त्यांना ही कल्पना ऐकूनच कसंतरी झालं.

"दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबते ना, त्याला आमच्यात बिघाड म्हणतात," ते म्हणाले. "एक तर वर जायचं, नाही तर खाली. मधे थांबायचे कोणी पैसे देत नाही."

"बाबा, एक वर्ष फक्त."

"आत अडकलेली माणसंपण हेच म्हणतात. पाचच मिनिटं झाली असतील."

बाबांनी इथल्याच कॉलेजचा औषधनिर्माणाचा फॉर्म स्वतः भरून, फोटो चिकटवून पाठवूनही दिला होता. पायी पंधरा मिनिटांवर कॉलेज, आणि माणसं आजारी पडायची थांबणार नाहीत हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. बरीच वादावादी होऊन शेवटी तह झाला. लांबच्या कॉलेजात जागा मिळाली तर तिकडे जायचं. नाही मिळाली तर औषधनिर्माण, आणि मग चार वर्षं तोंड वाकडं करायचं नाही.

लांबच्या कॉलेजला तीन गोष्टी पाठवायच्या होत्या. पहिली गुणपत्रिका. ती धाकटीसारखीच होती, चांगली म्हणावी तर तशीही आणि बरी म्हणावी तर तशीही. दुसरा स्वतः लिहिलेला निबंध, विषय, 'तुम्ही अजून विषय का निवडला नाही?' तिसरं शिक्षकांचं शिफारसपत्र. तिन्ही एका पाकिटात घालून शुक्रवारी चारच्या आत शाळेच्या कार्यालयात द्यायचं. कार्यालय सील करून पाठवणार.

निबंधासाठी शाळेनं मार्गदर्शक मॅडम नेमल्या होत्या. मॅडमचं म्हणणं असं, की चांगल्या निबंधात एक दुःख लागतं, एक वळण लागतं आणि शेवटी उजेड. त्यामुळे महिनाभर अख्खा वर्ग आपापल्या घरात दुःख शोधत फिरत होता. एका मुलाची आजी त्याच आठवड्यात दवाखान्यातून ठणठणीत बरी होऊन परत आली, तेव्हा तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

"तुझ्या आयुष्यात काही वाईट घडलंय का?" मॅडमनी धाकटीला विचारलं.

"नाही मॅडम."

"नीट आठव. घाई नाही. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

धाकटीनं आठवून पाहिलं. "लहानपणी एकदा सायकलवरून पडले होते."

"आणि त्यातून काय शिकलीस?"

"सायकल चालवायला."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. "हे बघ, विषय ठरत नाही असं सांगायला हरकत नाही. पण ते कसं, ताकदीनं आलं पाहिजे. गोंधळ असू दे, पण ठाम हवा."

ठाम गोंधळ कसा असतो ते धाकटीला समजेना. तिच्याकडचा गोंधळ पातळ होता.

शिफारसपत्राचं काम वर्गशिक्षकांकडे होतं. ते पदार्थविज्ञान शिकवायचे आणि त्यांच्याकडे त्रेचाळीस पत्रं लिहायला आली होती. "सगळी मीच लिहायची म्हटली तर मला शिकवायला वेळ उरणार नाही," असं म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या हाती शाळेच्या नावाचा एकेक कोरा कागद दिला. वेळ तसाही उरत नव्हता, पण ते वेगळं.

"तुम्हीच लिहून आणा. मी सही करतो," सर म्हणाले. "आणि लाजू नका. मी तुमच्याविषयी फार चांगलं बोलतो, असं समजून लिहा."

ही पद्धत जुनी होती आणि वर्गाला सवयीची होती. मुलांनी आपापसांत कागद फिरवले, वरच्या वर्गातून गेलेल्यांचे नमुने आणले, आणि दोन दिवसांत त्या एका वर्गात त्रेचाळीस जन्मजात नेते तयार झाले. मागून चालायला कोणी उरलंच नाही. धाकटीनंही शेजारणीचा नमुना समोर ठेवून स्वतःला जिद्दी, निर्भीड आणि संघभावनेनं ओतप्रोत करून टाकलं. मग निबंध लिहायला बसली. दोन्ही कागद घेऊन बुधवारी संध्याकाळी ती आईसमोर येऊन उभी राहिली.

इथे खरं घोडं अडलं.

आई बसकंपनीच्या हरवलेल्या सामानाच्या खात्यात काउंटरवर होती. बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर कृत्रिम पाय, सगळं तिच्याकडे यायचं. खात्याची रीत अशी की वस्तू आली की आधी कार्यालयानं तिचं वर्णन लिहायचं, डोळ्यांना दिसतं तेवढंच. सोन्याची अंगठी आली तरी 'पिवळ्या धातूची' लिहायचं. सोनं आहे की नाही हे सांगणं कार्यालयाचं काम नाही. मग मालक आला की त्यानं वस्तू न पाहता त्याच्या तोंडानं वर्णन सांगायचं. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे. जुळले तर वस्तू द्यायची. नाही जुळले तर बाई कितीही रडो, द्यायची नाही. चौदा वर्षं हे करून आईला जगातला कुठलाही कागद दुसऱ्या कागदाशेजारी ठेवल्याशिवाय वाचता येत नसे.

तिनं निबंध घेतला. चष्मा लावला.

"'मला लहानपणापासून ज्ञानाची तहान आहे.' कोणी पाहिली?"

"काय?"

"तहान."

"अगं आई, असं लिहायचं असतं."

"असेल. मी तुला पाणी मागताना पाहिलंय. ज्ञान मागताना नाही पाहिलं." तिनं पेन्सिलीनं ओळ मारली. "'सायकलच्या अपघातानं माझं आयुष्य बदलून गेलं.' गुडघा खरचटला होता. काढ."

"मॅडमनी वळण हवं म्हटलंय."

"वळणावर पडली नव्हतीस तू. सरळ रस्त्यावर पडलीस."

अर्ध्या तासात सहाशे शब्दांच्या निबंधाचे एकशेदहा उरले. त्यांत एवढंच होतं की मला बऱ्याच गोष्टी थोड्या थोड्या आवडतात, एखादी गोष्ट आवडली की ती चुकतेय कुठे ते बघत बसायला आवडतं, आणि यातून कोणता विषय निघतो ते मला कळत नाही. वाचताना धाकटीला लाज वाटली, पण खोडण्यासारखं काही सापडेना.

मग आईनं शिफारसपत्र शेजारी ठेवलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"वर्णन जुळत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"या कागदावरची मुलगी मला कळत नाही म्हणते, आणि या कागदावरची सभा गाजवते. माझ्या काउंटरवर असं आलं असतं तर मी म्हणाले असते, बाई, तुमची वस्तू इथे नाही. पुढच्या डेपोत विचारा."

वर्तमानपत्रामागून बाबा म्हणाले, "कॉलेज काय तुझ्या काउंटरवर चालतं होय?"

"अहो, वेगळं काय करतात ते? त्यांच्यासमोर काही मुलगी नसते. दोन कागद असतात. एक तिनं सांगितलेलं, एक दुसऱ्यानं पाहिलेलं. जुळवून बघत असतील, नाही तर दोन मागतील कशाला?"

बाबांनी पेपर बाजूला ठेवून ताईला फोन लावला. ती तिसऱ्या वर्षाला होती, दंतवैद्यकीच्या, आणि तिचा निबंध घरात आदर्श म्हणून प्लास्टिकच्या फाइलीत जपलेला होता. त्यात असं होतं की सहाव्या वर्षी आजीची कवळी ग्लासात पाहून तिनं हाच मार्ग धरायचं ठरवलं. प्रत्यक्षात तिनं किंकाळी फोडली होती.

"वेडेपणा करू नका," ताई म्हणाली. "शिफारसपत्रात कौतुक असतं. ते कोणी वाचत नाही, पण असावं लागतं."

"वाचत नाहीत तर खरं लिहायला काय जातंय?" आई म्हणाली.

हा युक्तिवाद कुठेतरी फसतोय असं धाकटीला वाटलं. कुठे, ते कळेना. आणि आई सहसा चुकत नसे. चौदा वर्षांत तिनं एकही छत्री भलत्याला दिली नव्हती. मायलेकी पत्र लिहायला बसल्या. आईची अट एकच, सरांना वर्गात बसून दिसलं असेल तेवढंच. पत्र सात ओळींत संपलं.

'ही विद्यार्थिनी खिडकीकडून दुसऱ्या बाकावर बसते. ती हात वर करत नाही. विचारलं तर उत्तर बहुधा बरोबर सांगते, पण त्यानंतर "हो ना?" असं विचारते. प्रयोगाच्या वहीत ती चुकलेलं खोडत नाही. का चुकलं असेल ते बाजूला लिहिते. गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात तिचं यंत्र चाललं नाही. ते का चालत नाही, हे ती दोन तास येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत होती. पुढे काय शिकायचं हे तिचं ठरलेलं नाही.'

"आता जुळलं," आई म्हणाली आणि समाधानानं चष्मा काढला.

शुक्रवारी दुपारी शिक्षकांच्या खोलीत सर सह्या करत होते. डाव्या हातानं कागद ओढायचा, उजव्या हातानं सही, पुन्हा डाव्या हातानं ढकलायचा. वाचायचा प्रश्न नव्हता. पण बाकीची पत्रं दोन-दोन पानी होती आणि धाकटीचं सात ओळींचं. सरांची नजर आवरायच्या आतच ते वाचून संपलं. पेन थांबलं.

"हे काय आहे?"

"शिफारसपत्र, सर."

"कोणाचं?"

"माझं. म्हणजे तुमचं. माझ्याविषयी."

"मी असं लिहिलंय?"

"हो सर."

सरांनी पुन्हा वाचलं. "मी असं का लिहीन?"

धाकटीनं विचार केला. "जुळावं म्हणून."

"कशाशी?"

"माझ्याशी."

सरांनी पेन खाली ठेवलं. चाळीसेक नेत्यांवर सही करून त्यांचा हात दुखत होता. "खिडकीकडून दुसरा बाक म्हणजे... सारखी खोकते ती तू?"

"नाही सर. ती पहिल्या बाकावर."

"मग तू कोण?"

प्रश्न टोमणा म्हणून विचारलेला नव्हता. सरांना खरंच माहिती हवी होती. दोन वर्षं ते तिला शिकवत होते. धाकटीनं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ओळख पटल्याचं काही चेहऱ्यावर दिसलं नाही. मग ते उठले, कपाटातल्या प्रयोगाच्या वह्यांच्या गठ्ठ्यातून तिची वही काढली आणि उभ्या उभ्या चाळू लागले.

पत्रात म्हटलं होतं तसंच होतं. समासात बारीक अक्षरांत तिच्या शंका होत्या. 'उत्तर पुस्तकासारखं आलं, पण मी घड्याळ उशिरा दाबलं होतं. मग बरोबर कसं आलं?' प्रत्येक पानाखाली सरांच्या हातचं 'पाहिले' आणि सही. एका पानावर तिनं थेट लिहिलं होतं, 'सर, हे असंच यायला हवं का?' त्याच्याखालीही 'पाहिले' होतं आणि सही होती.

सर त्या पानावर जरा जास्तच वेळ थांबले.

"हे तू मला विचारलं होतंस?"

"हो सर."

"मी काय सांगितलं?"

"पाहिले."

तेवढ्यात मार्गदर्शक मॅडम आत आल्या. सरांनी पत्र मुकाट्यानं त्यांच्यापुढे धरलं. मॅडमनी वाचलं आणि त्यांना खुर्ची लागली.

"अगं, यंत्र चाललं नाही हे कशाला सांगायचं? पाकीट उघडतील तसंच मिटतील ते. आणि तुझ्या निबंधात वळण आहे ना तरी?"

"काढलं मॅडम. आई म्हणाली रस्ता सरळ होता."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी खणातून एक कागद काढला. वापरून वापरून त्याच्या घड्या मऊ झाल्या होत्या. "हे घे. आठ वर्षं यावर मुलं लागतायत. नाव तेवढं घाल. साडेतीन झालेत, पंधरा मिनिटांत उतरवून होईल."

धाकटीनं तो वाचला. त्यातली मुलगी फारच छान होती. कुठल्याही कॉलेजनं तिला घेतलं असतं. धाकटीनंही घेतलं असतं.

"कोणतं पाठवू, सर?"

"मला काय विचारतेस?" सर एकदम वैतागून म्हणाले. "मला तर आत्ता कळतंय तू कोण ते."

ती दोन्ही कागद घेऊन बाहेर व्हरांड्यात गेली आणि पायरीवर बसली. मॅडम तज्ज्ञ होत्या. आई चुकत नसे. ताईला तर जागा मिळालीही होती. प्रत्येकीचं स्वतंत्रपणे बरोबर होतं आणि तिघींचं एकत्र केलं की डोकं भणभणायचं. चूक केली तर चार वर्षं गोळ्या मोजायच्या होत्या. तिनं डोळे मिटून कल्पना केली की ती त्या लांबच्या कॉलेजात पोचलीय, सामान खाली ठेवलंय, आणि कोणीतरी यादी वाचून म्हणतंय, जन्मजात नेता कोण आहे, जरा पुढे या. ती पायरीवर जराशी मागे सरकली. दुसरी कल्पना अशी की कोणी म्हणतंय, यंत्र बिघडलेली मुलगी कोण? त्याला 'मी' म्हणता आलं असतं.

यावरून कोणतं पत्र चांगलं ते ठरत नव्हतं. पण पावणेचार झाले होते.

"हेच," आत येऊन ती म्हणाली आणि सात ओळींचा कागद पुढे केला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. सरांनी पेन उचललं, पण सही केली नाही.

"यात एक तरी वाक्य माझं हवं," ते म्हणाले. "नाही तर मी कशावर सही करतोय?"

मग ते विचार करत बसले. त्रेचाळीस पत्रांत मिळून जेवढा वेळ गेला नव्हता तेवढा या एका वाक्याला लागला. कार्यालयातला कारकून दोनदा डोकावून गेला. शेवटी सरांनी खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'ही विद्यार्थिनी दोन वर्षं माझ्या वर्गात आहे; मला ती आज भेटली.' आणि सही केली.

हे कौतुक होतं की तक्रार, ते धाकटीला समजलं नाही. विचारायला वेळही नव्हता. ती कार्यालयाकडे पळाली.

सहा आठवड्यांनी औषधनिर्माणाला निवड झाल्याचं कळलं. शनिवारी दुपारी बारापर्यंत संगणकावर हो की नाही कळवायचं होतं. बाबांनी ही बातमी लिफ्टच्या खोलीतून फोन करून तीन नातेवाइकांना दिली. लांबच्या कॉलेजचा मात्र पत्ता नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी तिकडून फोनच आला. बाईंचा आवाज होता.

"तुमच्या शिक्षकांचं पत्र माझ्यासमोर आहे. हे त्यांनीच पाठवलंय ना? म्हणजे, काही भांडण वगैरे नाही ना तुमचं?"

"नाही नाही. चांगले आहेत सर."

"बरं. असं झालंय की इथे आमच्यातल्या काहींना हे फार आवडलंय आणि काहींना वाटतंय की हे नाकारण्यासाठीच लिहिलंय. तुमचं काय म्हणणं?"

धाकटीनं प्रामाणिकपणे विचार केला. "दोन्ही पटण्यासारखं आहे."

पलीकडे कोणीतरी हसलं. फोन मोठ्या आवाजावर होता बहुतेक. "तर आमचं अजून काही ठरलेलं नाही. दोन आठवडे तरी लागतील. नाव राखून ठेवलंय."

"राखून म्हणजे, घेतलंय?"

"घेतलंय असं नाही म्हणता येणार. सोडलेलंही नाही."

घरात रात्रीच्या जेवणाला यावर खल झाला.

"करार काय होता?" बाबा म्हणाले. "जागा मिळाली तर."

"ते नाही म्हणाले नाहीयेत, बाबा."

"'हो'सुद्धा म्हणाले नाहीयेत. वर्षभर काही न ठरवणाऱ्यांचं कॉलेज ते. त्यांना तरी ठरवता येईल कसं?" आणि ते आईकडे वळले. "तू बोल की."

"मला नका विचारू," आई म्हणाली. "वस्तू समोर आल्यावरचं काम माझं. जी अजून पोचलीच नाही तिचं काय सांगू?" पण तिनं धाकटीच्या ताटात मागितलं नसताना वाढलं.

शनिवारी साडेअकराला धाकटी संगणकासमोर बसली. बाबा कामाच्या कपड्यांत मागे उभे होते. बाराला त्यांना एका सातमजली इमारतीची लिफ्ट बघायला जायचं होतं. पडद्यावर दोन चौकोन होते. एकावर 'जागा स्वीकारत आहे', दुसऱ्यावर 'जागा सोडत आहे'. धाकटी बराच वेळ दोन्हींकडे पाहत राहिली. एक जागा हातात होती आणि नको होती. दुसरी हवी होती आणि ती आहे की नाही हेच माहीत नव्हतं. भूगोल, प्राणिशास्त्र, सुतारकाम, यांतलं एकही कुठल्या चौकोनावर लिहिलेलं नव्हतं.

तिनं दुसरा चौकोन दाबला.

"अगं!" बाबा ओरडले. "बारा वाजले नव्हते अजून! खात्री आहे का तुझी?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"मग दाबलंस कशाला?"

"माहीत नाही, बाबा." खरं तेवढंच होतं.

बाबांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली, खिशातून चष्मा काढून लावला आणि तिला जरा सरकायला सांगून तिच्याच खुर्चीच्या कडेवर बसले. मग पडद्यावरची बारीक अक्षरं वरपासून खालपर्यंत एकेक करून वाचायला लागले. परत फिरायचा काही मार्ग दिलेला असतोच कुठेतरी, असं पुटपुटत. धाकटीही पुढे वाकून त्यांच्याबरोबर शोधू लागली. सापडला असता तर आपण तो दाबला असता की नाही, ते तिला सांगता आलं नसतं. बाबांचा फोन वाजत होता. सातमजली इमारतीत कोणीतरी अडकलं असावं. दोघांनीही तो उचलला नाही. अजून अर्धं पान वाचायचं राहिलं होतं.